आंतोन ईगो आणि ‘रॅटाटुई’: सांगलीतली मुलं आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत आमच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी सिनेमे लावतो. समोर पांढरी चादर, खाली सतरंज्या आणि मध्यंतरात भडंग. ‘रॅटाटुई’ लावला की उंदरापेक्षा जास्त प्रश्न येतात ते त्यातल्या काळ्या कपड्यांतल्या खाद्यसमीक्षकाबद्दल, आणि मुलांइतकेच त्यांचे आईवडील आणि आजोबाही विचारतात. म्हणून हे एकत्र लिहून ठेवते आहे. उत्तरांमध्ये गोष्टीचा शेवट सांगून टाकला आहे. सिनेमा बघायचा राहिला असेल तर आधी तो बघा.

आंतोन ईगो नेमका कोण?

पिक्सारच्या २००७ साली आलेल्या ‘रॅटाटुई’ या अ‍ॅनिमेशनपटातला पॅरिसचा सर्वात दबदबा असलेला खाद्यसमीक्षक. गोष्ट रेमी नावाच्या उंदराची आहे. त्याला वासाची आणि चवीची विलक्षण जाण आहे. लिंग्विनी नावाच्या गोंधळलेल्या पोऱ्याच्या टोपीखाली बसून, त्याचे केस ओढून, तो एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाक करतो. हे रेस्टॉरंट गुस्तो नावाच्या दिवंगत शेफचं. ‘कुणीही स्वयंपाक करू शकतो’ हे गुस्तोचं ब्रीद होतं आणि ईगोला ते अजिबात मान्य नव्हतं. ईगोने झोडपून काढल्यावर रेस्टॉरंटला दर्जासाठी मिळालेल्या पाच ताऱ्यांपैकी एक गेला, थोड्याच दिवसांत गुस्तो गेला आणि मग आणखी एक तारा गेला. पाचाचे तीन झाले. सिनेमा तिथून सुरू होतो.

मग तो खलनायकच म्हणायचा ना?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो. मुलांचं उत्तर पहिल्या अर्ध्या तासातच ठरलेलं असतं: काळा कोट, लांबोडका चेहरा, वाकलेले खांदे, म्हणजे हाच व्हिलन.

पण सिनेमात लबाडी कोण करतो ते बघा. स्किनर करतो. गुस्तो गेल्यावर स्वयंपाकघराचा ताबा त्याच्याकडे येतो. गुस्तोच्या चेहऱ्याचा शिक्का मारून तो गोठवलेलं तयार खाणं विकतो. लिंग्विनी गुस्तोचा मुलगा आहे हे कळल्यावर ते दडपायला बघतो. पळवापळवी आणि पाठलाग त्याचाच. ईगो यातलं काही करत नाही. तो खोटं बोलत नाही, कुणाचं काही लाटत नाही. जे वाटतं ते लिहितो आणि खाली स्वतःचं नाव घालतो.

मग त्याचा दोष कुठे आहे? माझ्या मते दोन ठिकाणी. पहिला म्हणजे पानावर बसायच्या आधीच त्याचा निकाल लागलेला असतो. गुस्तोचं रेस्टॉरंट पुन्हा चालायला लागलंय हे कळल्यावर ‘काय बरं बदललं असेल’ असं कुतूहल त्याच्या मनात येत नाही, आपला जुना निकाल कुणीतरी मोडला याचा राग येतो. दुसरा दोष जास्त गंभीर आहे: लोक आपल्याला घाबरतात हे त्याला आवडायला लागलंय. लिंग्विनीसमोर येऊन ‘उद्या रात्री येतोय, निराशा करू नकोस’ असं तो बजावतो तेव्हा त्याला जेवणात रस नाही, समोरच्याच्या घामात आहे.

तरीही मी त्याला खलनायक म्हणणार नाही, आणि त्याचं कारण त्याच प्रसंगात आहे. ‘जेवण आवडणाऱ्या माणसाच्या मानाने तुम्ही फार बारीक आहात’ असं लिंग्विनी बोलून जातो. त्यावर ईगो जे सांगतो त्याचा मथितार्थ असा, की मला जेवण नुसतं आवडत नाही, माझं त्याच्यावर प्रेम आहे, आणि ज्या घासावर प्रेम बसत नाही तो मी गिळत नाही. एरवी हे वाक्य मोठेपणा मिरवणारं वाटलं असतं. पण त्याच्या अंगावरच्या हाडांकडे बघा. हा माणूस वर्षानुवर्षं घास परत ठेवतोय, कारण मनासारखा एकही मिळालेला नाही. आमच्याकडच्या एका चौथीतल्या मुलीने मला विचारलं, ‘काकू, त्याला जेवायला बोलवतात सगळे, पण त्याला भूकच लागत नाही ना?’ यापेक्षा नेमकं मी काही सांगू शकणार नाही. ज्याची भूक गेली आहे आणि प्रेम मात्र शिल्लक आहे, असा माणूस कडवट होतो. त्याला दुष्ट म्हणणं मला पटत नाही.

गुस्तो त्याच्या लिखाणामुळेच गेला का?

सिनेमा तसं सुचवतो. तो उघड आरोप करत नाही. या भागाबद्दल मुलांशी जपून बोलावं लागतं.

कारण असं काहीसं खरंही घडलंय. फ्रान्समध्ये २००३ साली बर्नार लुआझो या नामवंत शेफने आत्महत्या केली. त्या सुमारास एका मार्गदर्शिकेने त्याच्या रेस्टॉरंटचे गुण २० पैकी १९ वरून १७ वर आणले होते आणि त्याचा तिसरा मिशलॅन तारा (हे तारे काय ते पुढच्या उत्तरात आहे) जाणार अशा वावड्या वर्तमानपत्रांत होत्या. प्रत्यक्षात तो तारा गेला नव्हता. त्याच्या डोक्यावर कर्ज होतं आणि तो नैराश्याशीही झुंजत होता. त्यामुळे ‘समीक्षकाने मारलं’ असं म्हणणं जितकं सोपं तितकंच चुकीचं. पण ‘शब्दांचा काहीच संबंध नाही’ असंही म्हणता येत नाही. थकलेल्या माणसावर अखेरचं ओझं कुठलं पडेल हे ते टाकणाऱ्याला माहीत नसतं.

मोठ्या मुलांना मी आणखी एक गोष्ट दाखवते. ईगो आपलं जुनं परीक्षण वाचून दाखवतो ते नीट ऐका. गुस्तोला त्याने डबाबंद पास्त्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या एका ब्रँडच्या पंक्तीला नेऊन बसवलंय. बस्स. त्या वाक्यात सूप कसं होतं ते नाही, मीठ कमी होतं की जास्त ते नाही. पदार्थ बाजूला राहिला आणि टोमणा थेट माणसाला बसला. ईगोची खरी चूक मला इथे दिसते. जेवण वाईट होतं असं लिहायचा त्याला पूर्ण हक्क होता.

हे तारे खरोखर असतात का?

असतात, पण पाच नाही. मिशलॅन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. लोकांनी मोटारीने फिरावं, म्हणजे टायर झिजतील, म्हणून तिने १९०० साली प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. चांगल्या जेवणासाठी तारा द्यायला सुरुवात १९२६ मध्ये झाली आणि १९३१ मध्ये एक, दोन, तीन अशी श्रेणी आली. तीनच्या वर तारा नाही. सिनेमातले पाच तारे म्हणजे गोष्टीसाठी केलेली सोय आहे.

खरे खाद्यसमीक्षक असेच दरारा दाखवत येतात का?

चांगले समीक्षक नेमकं उलट करतात. मिशलॅनचे निरीक्षक ओळख लपवून जातात आणि स्वतःचं बिल स्वतः भरतात. १९९०च्या दशकात न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ रायकल विग घालून, वेश बदलून जेवायला जात, कारण त्यांचा फोटो स्वयंपाकघरांत चिकटवलेला असे. साध्या गिऱ्हाइकाच्या पानात काय पडतं ते त्यांना बघायचं होतं.

ईगो मात्र येण्याची तारीख सांगून येतो. हॉटेलच्या दारात त्याच्यासाठी धावपळ उडते आणि वाढणाऱ्याचे हात कापतात. अशा वेळी पानात पडतं ते रोजचं जेवण नसतं. धंद्याच्या दृष्टीने ही पद्धत कच्ची आहे, गोष्टीच्या दृष्टीने मात्र पक्की, कारण त्या एका रात्रीवर सगळं टांगून ठेवता येतं.

त्याची खोली तशी का आहे?

वरून बघितली तर तिचा आकार शवपेटीचा आहे. टाइपरायटर मागच्या बाजूने कवटीसारखा दिसतो. भिंतीवर त्याचाच मोठा फोटो. मुलांना हे शोधायला सांगा, त्यांना फार आवडतं.

आवाज कुणाचा?

पीटर ओ’टूल यांचा. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मधले तेच. अभिनयासाठी ऑस्करची आठ नामांकनं मिळूनही त्यांना स्पर्धेत एकदाही पारितोषिक मिळालं नाही. २००३ मध्ये मानद ऑस्कर मिळालं. ‘रॅटाटुई’ आला तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आवाजात थकवा आहे, तरी धार तशीच आहे. सिनेमा ब्रॅड बर्ड यांनी दिग्दर्शित केला, मूळ कल्पना यान पिंकावा यांची. सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर या सिनेमाने २००८ च्या सोहळ्यात घेतलं.

एक घास खाऊन माणूस एवढा बदलतो का? मोठ्यांना हे पटत नाही.

मला पटतं. का, ते सांगण्यासाठी त्या प्रसंगाजवळच जावं लागेल.

ईगो टेबलाशी बसलाय. एका हातात पेन, समोर वही. ताटली येते. वांगं, टोमॅटो आणि भोपळ्याच्या जातीच्या भाज्यांच्या पातळ चकत्या, एकीवर एक कलत्या रचून केलेला छोटा गोल. तो काट्याने एक घास उचलतो आणि तोंडात घालतो. आणि कॅमेरा त्याच्या बुबुळात शिरतो. खेड्यातल्या एका घराचं दार. दारात एक लहान मुलगा उभा आहे, सायकलवरून पडलेला, डोळ्यांत पाणी. आई त्याच्यासमोर वाडगं ठेवते, गालाला हात लावते. मुलगा चमचा तोंडात घालतो. तिथून आपण झपकन परत येतो ते म्हाताऱ्या ईगोच्या डोळ्यांत, आणि त्याच्या हातातलं पेन खाली पडतं.

सगळं मिळून काही सेकंदांचं काम. यात एकही शब्द नाही. आमच्या हॉलमध्ये या वेळी भडंगाच्या कागदांचा आवाज बंद पडतो. एका मुलाची चिमूट कागद आणि तोंड यांच्यामध्येच थांबलेली मी पाहिली आहे.

आता मुद्द्याचं. तो नवा माणूस झालेला नाही. त्या घासाने त्याला मत दिलं नाही, भूक परत दिली. पेन पडल्यावर तो काय करतो तेही बघा: भराभरा खातो, ताटली संपवतो आणि उरलेला रस्सा बोटाने पुसून घेतो. एवढा शिष्ट माणूस, बोटाने! वर्षानुवर्षं घास परत ठेवणाऱ्याने पहिल्यांदा ताटली चाटूनपुसून लख्ख केली आहे. बदल म्हणायचा तर हा.

आपल्याकडे कितीतरी जणांना हे ठाऊक आहे. शिकायला, नोकरीला पुण्यामुंबईला गेलेली मुलं दिवाळीला परत आली की पहिल्यांदा काय मागतात ते आयांना विचारा. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि भाकरी मागणारे निम्म्याहून जास्त निघतील.

रॅटाटुई म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे करता येईल का?

फ्रान्सच्या दक्षिणेकडची, नीस आणि प्रोव्हान्स भागातली साधी भाजी. वांगी, टोमॅटो, झुकिनी, ढोबळी मिरची, कांदा, लसूण आणि ऑलिव्हचं तेल. शेतात त्या हंगामात जे मुबलक आहे ते एकत्र शिजवायचं. आपल्या भोगीच्या भाजीची सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही, मसाला तेवढा वेगळा. सिनेमात रेमी ही भाजी करायची ठरवतो तेव्हा त्याच स्वयंपाकघरातली शेफ कोलेट गडबडते, ही तर खेडुतांची भाजी, ईगोसमोर ही कशी ठेवायची?

पडद्यावर दिसते ती मात्र साधी भाजी नाही. तिची ती मांडणी अमेरिकन शेफ थॉमस केलर यांनी सिनेमासाठी तयार केली. मिशेल गेरार या फ्रेंच शेफने १९७६ मध्ये अशाच चकत्यांची एक कृती दिली होती, ती केलर यांनी पुढे नेली. तिच्या ‘कॉन्फी बियाल्दी’ या नावाचं मूळ एका तुर्की पदार्थात आहे आणि तोही वांग्याचाच.

घरी करायची तर अशी. ढोबळी मिरची भाजून सोलून घ्या. कांदा, लसूण आणि टोमॅटो तेलात मंद परतून त्यात ती मिरची घाला आणि दाटसर होऊ द्या. हा थर ताटलीच्या तळाशी. वर लांबट वांगी, घट्ट टोमॅटो आणि झुकिनी यांच्या अगदी पातळ चकत्या आलटून पालटून कलत्या रचा. झुकिनी मिळाली नाही तर कोवळा, बारीक दुधी घ्या. मीठ, मिरपूड, तेल आणि मिळाली तर थाइमची पानं. वर बटर पेपर दाबून ओव्हनमध्ये १३५ अंश सेल्सियसला सुमारे दोन तास, मग कागद काढून आणखी अर्धा तास. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पसरट कढईत, घट्ट झाकणाखाली, अगदी मंद आचेवर. रंग थोडा कमी येतो. चकत्या कापायचं काम मोठ्यांनी करावं, रचायचं मुलांना द्यावं. घाई केली तर वांगं कचकच राहतं.

शेवटच्या परीक्षणात तो काय लिहितो?

त्याचा आशय माझ्या शब्दांत सांगते. समीक्षकाचं काम तसं सोपं असतं, तो लिहितो. जोखीम दुसऱ्याने घेतलेली असते आणि आपण वर बसून निकाल देतो. झोडपणारं परीक्षण लिहायलाही मजा येते आणि वाचायलाही. पण आपण ज्याला कमी दर्जाचं म्हणतो ते सामान्य कामही आपल्या त्या लिखाणापेक्षा जास्त मोलाचं असू शकतं. समीक्षकाला खरी जोखीम एकाच वेळी घ्यावी लागते: एखादी नवी गोष्ट जन्माला येते, तिला कुणी वाली नसतो, तेव्हा तिच्या बाजूने उभं राहायला.

मग तो गुस्तोच्या ब्रीदाकडे वळतो. आपण याची टिंगल करत आलो, पण त्याचा अर्थ आज कळला असं तो म्हणतो. प्रत्येकजण मोठा कलावंत होईल असं ते वाक्य सांगत नाही. मोठा कलावंत कुठूनही येऊ शकतो, असं सांगतं.

या परीक्षणातही पदार्थाच्या चवीबद्दल फारसं काही नाही, हे चौकस वाचकाच्या ध्यानात येईल. जुन्या परीक्षणात ती जागा टोमण्याने भरली होती. इथे ती स्वतःच्या झडतीने भरली आहे. ‘माझ्या पूर्वग्रहांना या जेवणाने हादरा दिला’ असं सार्वजनिकरीत्या लिहायला छाती लागते. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ असं आपण म्हणतो खरं, पण निंदकाने स्वतःची निंदा करायची वेळ आली की तो शेजार सोडून जातो. ईगो गेला नाही.

त्याने काय पणाला लावलं? शेवटी नोकरी जाते, हा अन्याय नाही का?

मुलांना हा भाग खटकतो. चांगलं वागला तर बक्षीस मिळायला हवं ना!

ईगोला शेफला भेटायचं असतं. सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबावं लागेल असं सांगतात, तो थांबतो. मग त्याच्यासमोर उंदीर उभा करतात. तो शांतपणे ऐकतो, मधूनमधून एखादा प्रश्न विचारतो, जेवणासाठी आभार मानतो आणि निघून जातो. त्या रात्री त्याच्यापुढे सोपे रस्ते होते. लिहायचंच नाही. किंवा जेवणाची स्तुती करून, कुणाच्या हातचं होतं याबद्दल चार गुळगुळीत वाक्यं लिहायची. त्याने लिहिलं की फ्रान्समधल्या सर्वात मोठ्या शेफचं काम मी आज खाल्लं. पुढे आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यामुळे रेस्टॉरंटमधल्या उंदरांची गोष्ट बाहेर येते, ते बंद पडतं आणि अशा जागेची भलावण केलेल्या ईगोची पत आणि नोकरी दोन्ही जातात.

मला हा सिनेमाचा सर्वात प्रामाणिक भाग वाटतो. फुकट खरं बोलणारे खूप असतात. ज्या अधिकाराच्या जोरावर त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल लावले, तोच त्याने एका उंदरासाठी खर्च केला. या माणसाला शेवटी मान द्यावासा वाटतो तो यासाठी. मऊ झाला म्हणून मुळीच नाही. चवीच्या बाबतीत तो शेवटपर्यंत तितकाच कडक आहे.

आणि त्याचं वाईट काही झालेलं नाही. पुढे तो छोट्या धंद्यांत पैसे गुंतवतो, आणि लिंग्विनी, कोलेट आणि रेमी यांच्या नव्या लहानशा खानावळीत रोजचा, हसरा गिऱ्हाईक असतो.

स्वयंपाकघरात उंदीर! मुलांवर चुकीचा परिणाम नाही का होणार?

सांगलीत हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना पाणी ओसरल्यावरची घाण आणि लेप्टोस्पायरोसिसची भीती ठाऊक आहे. हा रोग उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्याचिखलातून, अंगावरच्या जखमांमधून पसरतो. खरा उंदीर डब्यापाशी दिसला तर तो अन्नाचा शत्रूच, हे मुलांना स्पष्ट सांगा.

सिनेमासुद्धा हे झाकत नाही. उंदीर स्वयंपाकाआधी भांडी धुण्याच्या यंत्रात आंघोळ करून घेतात, तरी शेवटी रेस्टॉरंट बंद पडतंच, आणि ते योग्यच झालं. अधिकारी आपलं काम करतो. गोष्टीतला उंदीर म्हणजे ज्याच्या हातचं खायला आपण आधीच नाही म्हणून बसलोय असा कुणीही. आपल्या समाजात कुणाच्या हातचं पाणीही चालत नव्हतं हा इतिहास फार जुना नाही. सातवी-आठवीच्या मुलांना हा धागा दाखवला की ती गप्प होतात आणि मग खूप बोलतात.

आमच्या मुलांना समीक्षकाची गोष्ट कशाला? ती काय समीक्षक होणार आहेत?

सांगलीत राहून हा प्रश्न यावा याचं मला नवल वाटतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच गावात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो तो त्यामुळे. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. गावाला नाट्यपंढरी म्हणतात. पंढरी होते ती वारकऱ्यांमुळे, आणि नाटकाचा वारकरी म्हणजे जाणता प्रेक्षक. पहिल्या रांगेत बसून, बेसूर लागला की मान हलवणारा आणि जागा चांगली घेतली की मोकळेपणाने दाद देणारा प्रेक्षक नसता तर ही नाटकं इथे वाढलीच नसती. आमच्याकडे सिनेमाला येणारे एक आजोबा संगीत नाटकांवर वाढलेले आहेत. ईगो त्यांना पहिल्यापासून आवडतो. ‘कडक आहे, पण ऐकून घेतो शेवटी,’ असं ते म्हणतात.

शिवाय आज प्रत्येकाच्या खिशात परीक्षणाचं यंत्र आहे. मिसळ खाऊन बाहेर पडता पडता दहावीतला मुलगा मोबाईलवर एक तारा देतो. त्या गाड्यामागे एका घराचा संसार असतो. म्हणून शिकवायलाच हवं.

मग मुलांना परीक्षण लिहायला कसं शिकवायचं?

‘भारी’ आणि ‘बकवास’ हे दोन शब्द वापरायचे नाहीत, एवढी एकच अट मी सुरुवातीला घालते. मग त्यांना काय खाल्लं, कसं होतं, पहिला घास आणि शेवटचा घास सारखाच लागला का, हे लिहावं लागतं. एका मुलाने शाळेजवळच्या वडापावबद्दल लिहिलं होतं, ‘वडा गरम होता पण पाव कालचा होता, चटणीमुळे कळलं नाही, शेवटी कळलं.’ अशा एका वाक्यासाठी मी दहा तारे द्यायला तयार आहे. त्यात चूक कुठे ते आहे, कुणाचा अपमान नाही, आणि लिहिणाऱ्याने शेवटपर्यंत खाल्लंय याचा पुरावाही आहे.

पदार्थाबद्दल लिहा, करणाऱ्याच्या रूपाबद्दल, जातीबद्दल, कपड्यांबद्दल नाही. खाली नाव घाला. नाव घालायची लाज वाटत असेल तर वाक्य बदला. घरच्या जेवणावरही लिहू द्या, आईवडिलांना थोडं लागेल, पण चालतं. आणि आठवड्यातून एकदा असं परीक्षण लिहायला सांगा की ज्यात मुलाला आधी न आवडणारी गोष्ट होती. कारलं, नाचणी, काहीही. पुन्हा खाऊन बघायचं आणि जे खरं वाटेल ते लिहायचं. नाहीच आवडलं तर तसंही लिहायचं.

किती वर्षांच्या मुलांना दाखवावा?

सहा-सातच्या पुढे निर्धास्त. सुरुवातीला एक म्हातारी बंदूक घेऊन उंदरांमागे लागते आणि मारलेले उंदीर टांगलेलं एक दुकान दिसतं, तिथे लहानग्यांजवळ बसा. लांबी पावणेदोन तासांपेक्षा थोडी जास्त आहे.

दुसऱ्यांदा बघताना कशाकडे लक्ष द्यावं?

ईगोच्या हातांकडे. सुरुवातीला पेन तो कसं धरतो आणि पुढे काटा कसा धरतो ते बघा. प्रकाशाकडे बघा, त्याच्या खोलीतला आणि शेवटच्या खानावळीतला.

आणि तो काय मागवतो ते ऐका. त्या मोठ्या रात्री वाढणारा विचारतो तेव्हा ईगो पदार्थाचं नाव सांगत नाही. तुमच्या शेफची हिंमत असेल ते पाठवा, त्याचा सर्वात जोरदार वार येऊ दे, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. अगदी शेवटच्या प्रसंगात जेवणानंतर गोड काय आणू असं विचारल्यावर तो स्वयंपाकघराकडे बघतो, आणि तेव्हाही पदार्थाचं नाव सांगत नाही. मला चकित कर, एवढंच म्हणतो. दोन्ही वेळा निवड त्याने शेफवरच सोडली आहे. पहिल्यांदा ते आव्हान होतं, दुसऱ्यांदा विश्वास आहे, आणि हा फरक मुलांना न सांगता त्यांनाच ओळखू द्या.